तिघांतला चौथा

शॉमबर्ग,
२९ जुलै २००७

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या परीक्षितचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की माझ्यावर अन्याय झाला आहे. आमच्या जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार आणि घरात माणसं तीन, हे तुला ठाऊक आहे. चौथ्या खुर्चीवर गेली अकरा वर्षं माझी रद्दी बसते. जुने पेपर, दिवाळी अंक, न उघडलेली पाकिटं. एवढ्या जुन्या वहिवाटीला कुठलंही न्यायालय मान देईल. पण गेले तीन आठवडे रोज सकाळी ती रद्दी खाली फरशीवर, कडेला कडा जुळवून ठेवलेली असते, आणि खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढलेली. सुमेधा म्हणते, मी हात लावला नाही. अर्णव म्हणतो, बाबा, मी कशाला? मी स्वतः केलं असण्याचा संभव नाही, कारण मी आयुष्यात काही आवरलेलं नाही, आणि याला घरातच दोन साक्षीदार आहेत.

असो. तू झादरची हकिकत मागितली होतीस. फोनवर सांगू म्हटलं तर तुझं म्हणणं, सहलीचं वर्णन कागदावरच हवं. तेव्हा ऐक.

अर्णवची मरीन्सची तुकडी ऑक्टोबरात इराकला जायची आहे. त्याआधी तिघांनी कुठेतरी जाऊन यावं हा सुमेधाचा हट्ट. ती काशी म्हणाली, मी ग्रँड कॅन्यन म्हणालो, आणि अर्थातच ठरलं तिसरंच. एड्रियाटिक समुद्रावरचं झादर, कारण अर्णवच्या तुकडीतल्या एका पोराचं आजोळ तिथलं. जुनं बंदर. समुद्रात जिभेसारखी शिरलेली जमीन, तिच्यावर दोन हजार वर्षांचं गाव, आणि गल्ल्यांच्या फरशा माणसांच्या पायांनी इतक्या गुळगुळीत झालेल्या की त्यांत आपले बूट दिसावेत.

माहितीपत्रकात 'आरामशीर पायी फेरफटका' असं छापलं होतं. 'आरामशीर' हे विशेषण कुणी आणि कुठल्या वयात लावलं याची चौकशी व्हायला हवी. गाइड नेवेन्का नावाची साठीची बाई, हातात मिटलेली लाल छत्री. आम्ही तिघं आणि ओहायोची तीन निवृत्त जोडपी, असे नऊजण. सुरुवात रोमन चौकातून. तिथे पडक्या देवळांचे तुकडे उघड्यावर पडलेले असतात, आणि शेजारचं गोल चर्च त्याच तुकड्यांच्या पायावर उभं आहे. एका देवाच्या वेदीवर दुसऱ्या देवाची भिंत.

निघणार तेवढ्यात सुमेधाला आठवलं की आपण तिघं आहोत. तीन तिगाडा, काम बिगाडा. आईची पद्धत तिने लग्नानंतर आईपेक्षा कडक पाळली आहे. तिने चौकातला अंगठ्याएवढा पांढरा खडा उचलला, पर्समध्ये टाकला आणि त्याला रीतसर सांगितलं की तू आमचा चौथा, चल. अर्णवने विचारलं, याचं नाव काय. ती म्हणाली, नाव ठेवायचं नसतं.

नेवेन्काची एक सवय. प्रत्येक ठिकाणाहून निघताना छत्रीच्या टोकाने माणसं मोजायची. पहिल्याच वेळी तिने, स्वतःला न धरता, दहा मोजले. मी मोजले, नऊ. तुला अण्णांची ती गोष्ट आठवत असेल. दहा शिष्य नदी ओलांडतात, जो तो स्वतःला विसरून मोजतो, नऊच भरतात, सगळे रडायला लागतात, आणि वाटसरू म्हणतो, 'दशमस्त्वमसि.' दहावा तूच. इथे सगळं उलटं. मी स्वतःला दोनदा धरून पाहिलं तरी दहावा सापडेना, आणि तिला मात्र तो दरवेळी सापडत होता. पाच विहिरींच्या चौकात दहा. बाजाराच्या कमानीखाली दहा. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग समुद्रकाठ. तिथे पायऱ्यांच्या पोटात नळ्या बसवल्या आहेत. लाट आत शिरली की नळ्या वाजतात. सूर असा नाही. कुणीतरी बोलण्याआधी घसा साफ करावा आणि मग बोलूच नये, तसं. आम्ही सगळे पायऱ्यांवर बसलो. तेव्हा नेवेन्का सुमेधाजवळ वाकून हळूच विचारती झाली की तुमचे चौथे बसणार नाहीत का, मघापासून मुलाच्या मागे उभेच आहेत. सुमेधाला वाटलं बाईला आपली रीत ठाऊक आहे आणि ती थट्टा करते आहे. तिने हसून सांगितलं, त्यांना सवय आहे. मला वाटलं, ओहायोच्या एखाद्या गृहस्थाला ती आमचा समजते आहे. पण ओहायो सगळं बसलेलं होतं. मी पाहिलं.

जमिनीकडच्या वेशीशी फेरफटका संपला. वेशीवर पंखांचा सिंह कोरला आहे. तिच्या पायथ्याच्या खोबणीत सुमेधाने खडा ठेवला, हात जोडले, आणि आम्ही परत फिरलो. हकिकत संपली. खुर्चीचं काय करावं ते कळव.

लोभ आहेच. तो मात्र रद्दीसारखा कुणी खाली उतरवून ठेवू नये, एवढी विनंती.
तुझा,
परीक्षित

*

शुगर लँड,
८ ऑगस्ट २००७

चि. परीक्षित यास,
अहिल्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे दार उघडलं की इडलीपात्राचं झाकण उघडल्यासारखी हवा अंगावर येते, म्हणून मी दार उघडतच नाही. गुडघा मात्र आत राहूनही दुखतो. रद्दीबद्दल सांगायचं तर ज्याने कुणी ती उतरवली त्याचं मी अभिनंदन करते. ते काम सुमेधाने अकरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

आता थट्टा पुरे. अण्णांनी तुझ्याकडून शब्दरूपं घोकून घेतली, पण चुलीपाशी काय बोललं जातं ते ऐकायला तू कधी बसला नाहीस. तीन तिगाडा सगळेच म्हणतात. चौथा दगड का घ्यायचा, ते तुला माहीत आहे? आई सांगायची की तिघं निघाले की एकाला वाटेत मागे राहावं लागतं. म्हणून चौथा न्यायचा. तिघांच्या वतीने तो मागे राहतो. वेशीशी त्याला ठेवायचं, वळून बघायचं नाही, मग तिघं सुखरूप घरी येतात. तो सोबतीला म्हणून नसतोच, परीक्षित. तो ठेवून येण्यासाठी असतो.

मी अडतीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर होते. या गोष्टी मी गोष्टी म्हणूनच लिहिते आहे. पण त्या बाईचं मोजणं मला आवडलं नाही. आणि खुर्चीचं तर अजिबातच नाही.

तू लिहिलंस की सुमेधाने खडा ठेवला आणि तुम्ही परत फिरलात. सगळ्यांत शेवटी कोण निघालं? अर्णवला विचार. तो पाच वर्षांचा असताना गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्यावरून बादलीभर शिंपले घेऊन माझ्या घरी आला होता. का, तर ते तिथे एकटे पडतील. मला तीन दिवस बाथरूममध्ये समुद्राचा वास सोसावा लागला होता. त्याला विचार, आणि काय सांगतो ते लगेच लिही.

सुमेधाला आशीर्वाद. तुलाही, थोडे कमी.
अक्का

*

शॉमबर्ग,
२२ ऑगस्ट २००७

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं निदान बरोबर निघालं. निवृत्त झालीस तरी हात गेलेला नाही.

खडा अर्णवच्या खोलीत आहे. खिडकीच्या कट्ट्यावर, घडी घातलेल्या मोज्यावर, उशीवर डोकं ठेवावं तसा. मी विचारलं तर त्याने काही लपवलं नाही. वेशीशी पाण्याची बाटली विसरली म्हणून तो मागे गेला होता. खोबणीत खडा एकटा दिसला. त्याचं म्हणणं, तो दिवसभर आपल्याबरोबर होता, आईने त्याला आपला म्हटलं होतं, मग तिथे कसा टाकायचा? ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून त्यांच्या कानीकपाळी एकच ओरडतात की आपल्यातल्या कुणालाही मागे सोडायचं नाही. निघताना मोजायचे, पोचल्यावर मोजायचे. एक जरी कमी भरला तरी परत जायचं. मी म्हणणार होतो की अरे, दगड आहे तो. पण त्याच्या आईनेच त्याला माणसांत मोजला होता. मग मी कुठल्या तोंडाने म्हणू?

तू लिहिलेला नियम मी त्याला सांगितला. तो आधी हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला की हा नियम वाईट आहे.

आणखी दोन गोष्टी. त्याच्या कॅमेऱ्यातले फोटो आम्ही छापून आणले. एका फोटोत वेशीसमोर आम्ही तिघं उभे आहोत आणि कडेला छत्री घेऊन नेवेन्का. मी सुमेधाला म्हटलं, छान आलाय. ती म्हणाली, तुम्ही काढलात ना. मी म्हटलं, मी फोटोत आहे. ती म्हणाली, मग अर्णवने. तोही फोटोत आहे. ओहायोची मंडळी तोवर आइस्क्रीम शोधायला पुढे गेली होती, आणि वेशीशी दुसरं कुणी नव्हतं. सुमेधाने बोटाने एकेकाला मोजलं आणि फोटो स्वयंपाकघरातल्या फडक्यांच्या खणात, सगळ्यांत तळाशी ठेवला. काढणाऱ्याचा हात मात्र चांगला आहे. सगळ्यांचे पाय आले आहेत, जे मला आजवर एकदाही जमलेलं नाही.

दुसरी गोष्ट. सुमेधा सकाळी चार कप चहा करते. तिच्या लक्षात येत नाही. चौथा वाया जाऊ नये म्हणून मी पितो. तिने तो काठोकाठ भरलेला मी पाहिलेला असतो. मी हातात घेतो तेव्हा तो तसा नसतो.

रद्दी अजूनही रोज खाली असते. फक्त गेल्या शनिवारी आणि रविवारी नव्हती. त्या दोन दिवसांत अर्णव तुकडीच्या मासिक सरावाला, ड्रिलला, गेला होता, खडा खिशात घेऊन. सोमवारी पहाटे तो परतला, आणि माझे पेपर पुन्हा फरशीवर, कडेला कडा.

लोभ होता तसाच असू दे. मोजून पाहू नकोस.
परीक्षित

*

शुगर लँड,
१६ सप्टेंबर २००७

चि. परीक्षित यास,
अहिल्याचे आशीर्वाद.

काल गणपती बसवला. अर्धाच तास आरती म्हणाले, गुडघ्याने पुढे परवानगी दिली नाही. मग उरलेला दिवस हे पत्र लिहावं की नाही, यात गेला.

आपले जगन्नाथकाका तू पाहिले नाहीस. अण्णांचे सर्वांत धाकटे भाऊ. घरात त्यांचा फोटो होता, आणि कुणी विचारलं तर बोटीवर गेले एवढंच सांगत. मी सात वर्षांची असताना, एका श्रावणी सोमवारी आई, जगन्नाथकाका आणि मी सांगलीहून हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला चालत गेलो. तिघं होतो म्हणून आईने वाटेतला खडा घेतला. परतताना गावाच्या अलीकडे एका चिंचेखाली तिने तो ठेवला आणि आम्हाला सांगितलं, मागे बघू नका. मी बघितलं. पावसात तो तिथे एकटा पडला होता. मी चपलेचा पट्टा घट्ट करायच्या निमित्ताने मागे राहिले आणि तो परकराच्या ओच्यात बांधून घरी आणला. माझ्याकडे चारच सागरगोटे होते. पाचवा म्हणून मी त्याच्याशी खेळत असे. तो हातात नेहमी गरम लागायचा.

त्या दिवाळीत जगन्नाथकाका मुंबईला जाऊन बोटीवर नोकरीला लागले. बावीस वर्षांचे होते. एडनहून एक पत्र आलं, माझ्यासाठी शिंपला आणतो म्हणून. पुढे काही आलं नाही. कंपनीने एवढंच कळवलं की अमुक बंदरातून बोट सुटताना मोजणीत सगळे भरले होते.

उन्हाळ्यात आईला माझ्या सागरगोट्यांत तो खडा सापडला. तिने तो पदरात बांधला. मग उन्हातून एकटी त्या चिंचेपर्यंत गेली आणि ठेवून आली. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

तू म्हणशील, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ. मीही स्वतःला सत्तावन्न वर्षं हेच सांगत आले आहे. तेव्हा त्यातलं किती पटतं ते मला विचारू नकोस.

एवढं मला कळतं की आईने नेऊन ठेवला त्याचा उपयोग झाला नाही. ज्याने उचलला त्यानेच ठेवायला हवा. तू किंवा सुमेधाने तो चोरून तळ्यात टाकू नका. मी परवा अर्णवला फोन केला. जगन्नाथकाकांचं सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. मग त्याच्या त्या मराठीत म्हणाला की आत्या, तू सात वर्षांची होतीस, तुझी काही चूक नाही. मी म्हटलं, माझं सोड, तू तो खडा कुठेही ठेव, शिकागोत ठेव, विमानतळावर ठेव. त्यावर तो म्हणाला की प्रॉमिस करू शकत नाही.

त्याला पुन्हा सांग. तू बाप आहेस.
अक्का

*

शॉमबर्ग,
२१ ऑक्टोबर २००७, दसरा

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. नमस्कार.

उत्तराला महिना लावला. रागावली असशील तर रास्त आहे.

मी त्याला सांगितलं. तीनदा. पहिल्यांदा बापासारखं, दुसऱ्यांदा शास्त्र्यासारखं, तिसऱ्यांदा हात जोडून. तिसऱ्यांदा तो अवघडला आणि माझे हात खाली करून म्हणाला की बाबा, असं नका करू. मग त्याने मला विचारलं की त्याला मी ठेवून आलो, तर त्याच्याजवळ कोण असेल?

बारा तारखेला तुकडी निघाली. इथल्याच एका मोठ्या हॉलमध्ये निरोप होता. झेंडे, कॉफी, रडणाऱ्या आया आणि हवापाण्यावर बोलणारे बाप. मी एका बापाशी बेसबॉलवर पंधरा मिनिटं बोललो. मला बेसबॉल कळत नाही. त्यालाही कळत नसावं, कारण त्याने माझी एकही चूक काढली नाही.

मुलं बसमध्ये चढली. दाराशी सार्जंट प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत होता. चाळीस जायचे होते. त्याने एक्केचाळीस मोजले. कपाळाला आठी घातली, आत गेला, पुन्हा मोजले. एक्केचाळीस. मग त्याने यादी काढून नावं वाचली. चाळीस नावं, चाळीस जणांनी ओ दिली. त्याने खांदे उडवले आणि दार लावून घेतलं. सुमेधाने माझं मनगट धरलं होतं. तिच्या नखांचे वळ दोन दिवस राहिले. तीही मोजत होती.

अर्णव आमच्या बाजूच्या खिडकीशी बसला होता. बसमध्ये बॅगांना जागा कमी, ज्यांच्या शेजारी कुणी नव्हतं त्यांनी आपापल्या बॅगा शेजारच्या सीटवर टाकलेल्या. याने एवढी जड बॅग मांडीवर घेतली होती. शेजारची सीट मोकळी ठेवली होती. बस सुटताना त्याने आम्हाला हात केला, आणि मग मान वळवून त्या सीटकडे बघून काहीतरी बोलला. सहज, पुढच्या प्रवासाबद्दल सांगावं तसं.

खिडकीतला मोजा रिकामा आहे.

घरी आल्या दिवसापासून माझी रद्दी खुर्चीवरून कुणी उतरवलेली नाही. आज नऊ दिवस झाले. मी मुद्दाम वेडेवाकडे पेपर टाकतो, पाकिटं अर्धवट लोंबकळत ठेवतो. सकाळी उठून चहाआधी खाली येतो आणि पाहतो. कुणी हात लावलेला नसतो. सुमेधा दोन कप चहा करते, आणि दोन्ही कप शेवटपर्यंत भरलेलेच राहतात, कारण आम्हीच पीत नाही. अक्का, जिच्याबद्दल मी तुला तक्रार लिहिली होती, ती खुर्ची आता माझी आहे. वहिवाट परत मिळाली. गेले दोन-तीन दिवस रात्री मीच ती रद्दी उचलून फरशीवर ठेवतो, कडेला कडा जुळवून, आणि खुर्ची हातभर मागे ओढून जाऊन पडतो. सकाळी ती तशीच असते.

आज दसरा. सीमोल्लंघन करायचं, वेस ओलांडायची आणि सोनं घेऊन घरी परतायचं. सुमेधाने आपट्याच्या पानाऐवजी अंगणातल्या मेपलची दोन पानं देवापुढे ठेवली. तिसरं ठेवायला हात नेला आणि मागे घेतला.

गेले तीन महिने मी तुला गमतीजमती लिहीत होतो, कारण गंमत लिहिली की खरं लिहावं लागत नाही. आता सरळ लिहितो. तो चौथा कोण आहे याची मला भीती नाही. फोटो चांगले काढतो, रद्दी नीट लावतो, पोराची सोबत करतो. मला भीती आपल्या अर्णवची वाटते. एकाने मागे राहायचं, हा आईचा नियम. कुणालाही मागे सोडायचं नाही, हा त्याचा. तिकडे कधीतरी मोजायची वेळ येईल, आणि त्याच्या खिशातल्याला मागे ठेवून तो निघणार नाही. मी त्याला वीस वर्षं ओळखतो. शिंपल्यांची बादली मीच तुझ्या घरात आणून दिली होती. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

तो परत येणार नाही अशी भीती वाटते, अक्का. बाकी काही नाही.

जप. आणि दिवा लावशील तेव्हा त्याचं नाव घे, एकट्याचं.
तुझा,
परीक्षित